बेलबॉटमचा साक्षीदार

आमच्या नागावातल्या शिंप्याच्या तोंडात कायम टाचण्या असतात, म्हणून तो मोजकंच बोलतो. त्याचा नियम एकच: घालणारं माणूस समोर उभं असल्याशिवाय कापडाला कात्री लावायची न्हाय.

परवा नातीची गुडघ्यांवर फाटकी जीन्स मी तिच्या नकळत त्याच्याकडे नेली.

"भोकं बुजवून टाका. लाज आणलीन कार्टीनं."

त्याने टाचण्या काढल्या. "ताई, तुमच्या बेलबॉटमचा घेर अठ्ठावीस इंच होता."

होता खरा. ती घालून मी किनाऱ्यावर मिरवले की निम्मी वाळू घरात यायची. वाटायचं, सगळं गाव माझ्याकडे बघतंय. बघत होतंच, तोंडाला पदर लावून.

"तुमचे बाबा ती गुपचूप घेऊन आलेले, घेर कमी करायला. मी म्हटलं, आधी पोरीला आणा."

बाबांनी माझ्यापाशी कधी याचा चकार शब्द काढला नव्हता.

त्याने भोकांच्या कडा जपत जीन्सला इस्त्री केली आणि घडी माझ्या हातात दिली. घरी येऊन मी ती नातीच्या कपाटात होती तिथे ठेवली.

संध्याकाळी नात ओरडली, "आजी, इस्त्री तू केलीस?"

"मग! बेलबॉटम घातलेली बाई आहे मी."