शिट्टीमागचा आवाज

सकाळपासून फोन ‘मेमरी फुल, मेमरी फुल’ म्हणून बोंबलतोय. लंडनमधल्या एजवेअरहून आलेली माझी मुलगी अनघा तो घेऊन बसलीय. "बाबा, हा व्हिडिओ बघा, नुसता कुकर दिसतोय! कशाला ठेवलाय?"

कशाला ठेवलाय? साठेक वर्षांपूर्वी एडिनबरात हाच प्रश्न मलाही पडला होता. युनिव्हर्सिटीतला तो खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर, त्यातल्या तापलेल्या काचेच्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, धुरकट वास, आणि मेमरी एवढी तुटपुंजी की एकेका आज्ञेच्या जागेवरून आमची भांडणं व्हायची. माझी सहकारी मार्गारेट हिच्या प्रोग्रॅममधली एक आज्ञा मला बिनकामाची वाटली. मी ती काढून तिथे माझी घातली. झालं! आठवड्यातून एकदाच मिळणारा मशीनचा वेळ वाया गेला आणि सगळी उत्तरं चुकली.

"काय गं हा घोळ?" मी ओरडलो.

ती माझ्याहून वैतागली. "अरे, मेमरीत आज्ञा म्हणजेही एक आकडाच ना? मला पुढच्या गणितात नेमका तोच आकडा हवा होता. वेगळा ठेवायला जागा होती कुठे? हात लावण्याआधी विचारायचंस तरी!"

काय कंजूष बाई आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

"बाबा, करू ना डिलीट?"

"थांब गं! आधी आवाज वाढव."

तिने वाढवला. कुकरच्या शिट्टीमागून, दोन वर्षांपूर्वी गेलेली तिची आई करवादली, "अहो, तो फोन ठेवा आणि गॅस बंद करा!"