करंजाचं तेल

तळेगावात चौथीपर्यंत शिकून मी बेडशाला सून म्हणून आले. लेण्यांच्या डोंगराखाली आमचं घर. घरात सासरे, धाकटे दीर, जाऊ आणि मी. आमचे मालक लोणावळ्याला रेल्वेत दिवेवाले होते. स्टेशनातले आणि सिग्नलचे दिवे पुसायचे, त्यांत तेल भरायचे. सुट्टी मिळाली की घरी यायचे. रेल्वेला उजेड पुरवणाऱ्या माणसाच्या घरात लढाईच्या दिवसांत मात्र मिट्ट काळोख असायचा, कारण घासलेट कार्डावर मिळू लागलं होतं, आणि तेही मिळालं तर.

फाल्गुन सरत आला होता. डबा घेऊन मी खिंड ओलांडून कामशेतला गेले आणि दुकानापुढं रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "घासलेट संपलं."

मागच्या दारी टांग्यात दोन भरलेले डबे चढत होते. मी विचारलं, "मग ते काय आहे?"

"ते लोणावळ्याच्या बंगल्याचं. तुम्हा खेड्यातल्यांना दिवे कशाला लागतात? कोंबड्यांबरोबर झोपावं, कोंबड्यांबरोबर उठावं."

रांगेतली दोन-चार माणसं हसली. हसणारे आमच्यासारखेच रिकामे डबे घेऊन उभे होते, याचा मला जास्त राग आला. मी म्हणाले, "ठेवा तुमचं घासलेट. या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही." आणि परत फिरले.

खिंड चढताना राग थोडा उतरला आणि भीती वाटू लागली. जावेला चौथा महिना होता. म्हणजे बाळंतपण ऐन पावसात. आमच्याकडं पाऊस लागला की दारं-खिडक्या बंद कराव्या लागतात, आणि माजघरात भर दुपारी शेजारी बसलेलं माणूस दिसत नाही. नदी फुगली की कामशेतही तुटतं. दिव्याशिवाय सुईण काय करणार?

घरी येऊन सगळं सांगितलं. मला वाटलं सासरे रागावतील. त्यांनी माझ्या हातातला रिकामा डबा घेऊन कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, "घासलेट यायच्या आदी आमी काय आंधळं व्हतो व्हय? माजी आई करंजाचं त्याल काढायची."

"कसं काढायच्या?"

"ते बायकांचं काम. कांडायची, उकळायची, एवढं दिसलं. म्होरचं मला ठावं न्हाई."

नदीकाठी करंजाची झाडं होती. चैत्रात शेंगा वाळून खाली पडल्या, तशी मी टोपली घेऊन गेले. पाणवठ्यावरच्या बायका म्हणाल्या, "गुरांच्या खरजेचं त्याल आता घरात लावणार का गं?" मी म्हणाले, "लावणार." शेंगा फोडून बिया वाळवल्या आणि पोत्यात भरून दिरांबरोबर तळेगावच्या घाण्यावर पाठवल्या. तेली म्हणाला, कडू बी माझ्या घाण्यात घालणार नाही, खायच्या तेलाला वास लागेल. त्याचंही बरोबर होतं. पोतं तसंच परत आलं.

मग गोठ्यामागचं टाकून दिलेलं उखळ उभं केलं. बिया भाजल्या, कांडल्या, हंड्यात पाणी घालून उकळल्या. वर तवंग आला तो पळीनं काढला. हात आठवडाभर कडू लागत होते. भाकरी खाताना तोंड वाकडं व्हायचं. एवढं करून ते तेल घासलेटच्या चिमणीत भरलं आणि काडी लावली. वात तडतडली, धूर झाला, विझली. दुसऱ्यांदा लावली, पुन्हा विझली.

नेमके त्याच दिवशी मालक आले. त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली बाटली काढली. "सिग्नलचं हाये. कुनाला कळत न्हाई. हे राहू दे, आन् तुजा तो खटाटोप बंद कर."

मी बाटली हातातही घेतली नाही. "परत न्या. सिग्नल विझला तर गाडीतली माणसं कुणाच्या जिवावर? आणि दुकानदाराच्या नावानं बोटं मोडून मी चोरीचा दिवा लावू?"

"मग बस अंधारात."

"बसते."

ते तरातरा ओट्यावर गेले. सासरे मात्र माझ्याजवळ येऊन चिमणी हातात घेऊन बघत राहिले. म्हणाले, "पोरी, हे त्याल जड. ह्या वातीतनं ते वर चढत न्हाई. आईची पणती असायची, उघडी. आन् त्याल परत तापवायची, तडतड थांबंस्तवर."

म्हणजे तेलात पाणी राहिलं होतं. मी तेल पुन्हा चुलीवर ठेवलं, आवाज थांबेपर्यंत हलवलं, गाळलं. मातीच्या पणतीत जाड वात घालून लावलं. ज्योत पिवळी होती, धुरकट होती, पण वाऱ्याच्या झुळकीनं वाकली आणि परत उभी राहिली. मालक ओट्यावरून उठून आत आले. दुसऱ्या दिवशी जाताना बाटली घेऊन गेले आणि पुढच्या सुट्टीला मुसळ धरायला बसले.

पाऊस लागायच्या आत दोन मडकी तेल साठलं. श्रावणात एका दुपारी जावेला कळा सुरू झाल्या. बाहेर असा पाऊस की समोरचं घर दिसेना. सुईण आली आणि दारातूनच ओरडली, "दिवा कुटं हाये?" मी चारी कोपऱ्यांत पणत्या लावल्या, एक हातात धरून तिच्याजवळ बसले. मूल पायाळू होतं. सुईण म्हणाली, "हितं धर. आनखी खाली. हलू नगंस." तेल बोटांवर ओघळून चटका बसला तरी मी हात हलवला नाही. तिन्हीसांजेपर्यंत ते चाललं. मुलगी झाली. आधी रडेना, मग रडली ती अशी, की ओट्यावर बसलेले सासरे "व्हय, व्हय" म्हणत उभेच राहिले.

घराच्या भिंती धुरानं काळ्या झाल्या. तळेगावचे माझे वडील नातीसारखीच असलेली ती पोर बघायला आले, तेव्हा म्हणाले, "हे काय करून घेतलंस घराचं?" मी म्हणाले, "भिंती सारवता येतात, बाबा."

पुढच्या चैत्रात टोपली घेऊन नदीवर गेले, तर करंजाखालची जमीन लख्ख झाडलेली. एक शेंग नाही. आदल्या वर्षी हसणाऱ्या बायका पहाटेच येऊन गेल्या होत्या. मी चिडले, जरा मोठ्यानंच बोलले. मग पदर खोचला आणि वरच्या अंगाच्या झाडांकडं चालू लागले.