वजनावर घेतलेला टीव्ही

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजराच्या आधीच तो उठून बसायचा आणि घड्याळावर हात ठेवून वाट बघायचा. गजराने बायकोची झोप मोडू नये, एवढाच हेतू. साडेपाचला गोदामाचं शटर वर जायचं आणि पहिली गाडी रिकामी करायला लागायची. पन्नास किलोचं पोतं पाठीवर आलं की तो चालता चालता म्हणायचा, "दीड किलो कमी आहे." वजनकाट्यावर टाकलं की दीड किलो कमीच भरायचं. म्हणून गोदामात सगळे त्याला काटा म्हणत. एकतीस वर्षांत तो एकच शास्त्र शिकला होता: माल जड असेल तर खरा, हलका असेल तर मधे कोणीतरी हात मारलेला.

घर दोन खोल्यांचं. पलीकडच्या दोन खोल्यांत थोरला भाऊ, दादा. मधे एक भिंत. दादा कचेरीत कारकून. जन्मात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे हजेरीचं रजिस्टर. टीव्ही दादाकडे होता, बत्तीस इंची. काट्याच्या बायकोला साडेसातची मालिका आवडायची, आणि ती बघायला तिला जावेकडे जावं लागायचं. वहिनीचं मन मोठं. "ये ना गं, टीव्ही बघायला काय परवानगी लागते?" असं म्हणायची आणि ही नीट टेकायच्या आत लसणाची परडी हिच्या मांडीवर ठेवायची. लसूण संपला की वाटाणे. वाटाणे संपले की कपड्यांच्या घड्या. जाहिराती लागल्या तरी हात थांबायचे नाहीत.

एकदा तापाने अंग मोडून आलं म्हणून ही गेली नाही. भिंतीपलीकडून वहिनीची हाक आली, "अगं, येतेस ना? माझा स्वयंपाक खोळंबलाय!"

काट्याच्या डोक्यात तिडीक गेली. हमाली तोही करत होता, पण मजुरी घेऊन. दुसऱ्या दिवसापासून त्याने आठवड्याला तीन जादा पाळ्या धरल्या. चौदा महिन्यांनी टीव्हीपुरते बारा हजार जमले.

"तुला त्यातलं काय कळतं? मी येतो बरोबर," दादा म्हणाला. सल्ला द्यायला दादाला कधीच कष्ट पडले नाहीत.

दुकान थंडगार होतं. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच हिरवा पोपट उडत होता. विक्रेत्याने टाय लावला होता.

"काका, बजेट?"

"बारा हजार."

विक्रेत्याचं हसू तेवढ्याच किमतीचं उरलं. त्याने दोघांना कोपऱ्यातल्या तीन टीव्हींपुढे उभं केलं. तिन्ही बत्तीस इंची, तिन्ही त्याच्या मते एक नंबर.

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चोवीस इंची दाखवा. लहान खोलीत मोठा टीव्ही डोळ्यांना वाईट."

"दादा, तुझी खोली एवढीच आहे."

"आमच्या डोळ्यांना सवय आहे."

काट्याने ते ऐकून सोडून दिलं. "यांची खोकी कुठे आहेत?" त्याने विक्रेत्याला विचारलं. खोकी मागच्या बाजूला रचलेली होती. काटा गुडघ्यांत वाकला, पहिलं खोकं छातीशी धरून उठला, ठेवलं. मग दुसरं, मग तिसरं.

"काका, टीव्ही बघायचा असतो, उचलायचा नसतो."

"बघायला तिन्हींवर तोच पोपट आहे. मग फरक कळायचा कसा?"

गिऱ्हाइकं हसली. दादा सरकत सरकत फ्रिजपाशी गेला आणि आपण दुसऱ्याच कामाला आल्यासारखा एका फ्रिजचं दार उघडून आत बघत राहिला.

"हे साडेचार किलो. हे पाच. आणि हे साडेसात," काटा म्हणाला. "साडेसातचं द्या."

घरपोच द्यायचे तीनशे जादा म्हटल्यावर काट्याने खोकं सरळ खांद्यावर घेतलं. अर्ध्या तासाची वाट. दादाने पावती धरली होती. धाप दादाला लागली.

घरी खोकं उघडलं. टीव्ही बाहेर काढताच काट्याच्या हाताला कळलं: चार किलो. खोक्याच्या तळाशी भिंतीवर लावायचा लोखंडी स्टँड होता. तीन किलो.

दादा खाटेवर बसून पोट धरून हसला. "अरे, टीव्ही आणायला गेला आणि लोखंड घेऊन आला!" मग उठून ही बातमी वहिनीला सांगायला पलीकडे गेला.

काट्याने स्टँड हातात तोलून पाहिला. हात चुकला नव्हता, वजन साडेसातच होतं. पण एकतीस वर्षं पाठीवर खोकी वाहिली आणि आत काय आहे हे एकदाही विचारलं नाही, ते त्याला झोंबलं.

तीन किलो लोखंड कुठेतरी लावायलाच हवं होतं. गोदामातून मागून आणलेल्या ड्रिलने त्याने मधल्या भिंतीला चार भोकं पाडली, लेव्हल बघून, एक सूतही इकडेतिकडे नाही. पलीकडे दादाच्या घरात गिलाव्याच्या चार खपल्या पडल्याचा आवाज आला. तारा जोडल्या. टीव्ही लागला.

साडेसातला भिंतीतून हाक आली, "अगं, येतेस ना? लसूण काढून ठेवलाय!"

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज नाही जमायचं, ताई. आमच्याकडे लागलीय."

पलीकडे काहीतरी आदळलं. मग दोन्ही घरांत एकच मालिका सुरू झाली. इकडची सासू जे बोलायची, तेच तिकडची अर्ध्या शब्दाने मागून बोलायची. बायकोचे हात मांडीवर काहीतरी शोधत होते. ती उठायला लागली.

"कुठे?"

"काहीतरी निवडायला घेते."

"बस."

ती बसली. दहा मिनिटांत तिची मान कलली आणि ती बसल्या बसल्या झोपली. काट्याला कोण कोणाची सून ते कळत नव्हतं, तरी तो डोळे ताणून बघत राहिला. सकाळी ती पुढे काय झालं ते विचारणार होती. चौदा महिन्यांच्या जादा पाळ्यांनी शेवटी घरात आणलं ते एवढंच: साडेसात ते आठ, आणि मांडीवर परडी नसलेली बायको.