टोझरचं पुडिंग

सिरिल टोझरने युद्धावरून परतल्यावर इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्ट बंदरात जन्मभर बेकरी चालवली. त्याच्या पावासाठी गोदीतल्या कामगारांच्या बायका उजाडताच दाराशी उभ्या राहत, आणि शेजारच्या गल्लीतला पाव घेणाऱ्याला लोक कंजूष समजत. पण ज्यांच्या मताला सिरिल किंमत देत असे, त्या मूठभर म्हाताऱ्यांच्या लेखी तो आरमारातला सर्वांत वाईट आचारी होता. हे मत बदलू नये म्हणून तो वर्षातून एक दिवस घाम गाळत असे.

तो दिवस म्हणजे 'एथेलस्टन'वाल्यांच्या स्नेहभोजनाचा. सिरिल जिच्यावर आचारी होता ती ही युद्धनौका दुसऱ्या महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी उत्तरेच्या समुद्रात बुडाली. तिच्यातून वाचलेली माणसं एका मालमोटारीत सहज मावली असती. पुढे तर त्यांना एक टेबल पुरू लागलं.

भोजनाला पुडिंग सिरिलचं असे. बोटीवर होतं तसंच: पीठ, चरबी, पाणी, नावाला मनुका, सगळं कापडात बांधून कंटाळा येईपर्यंत उकडलेलं. चांगल्या हाताला वाईट पुडिंग करणं सोपं नसतं. पीठ आपोआप हलकं मळलं जाई, मग सिरिल त्यावर पुन्हा पाणी ओते.

"गावाला कापसासारखा पाव, आणि दोस्तांना दगड," त्याची बायको विनी म्हणे. "दोन अंडी घाल की त्यात."

"बोटीवर अंडी नव्हती."

"इथे टोपलीभर आहेत."

"म्हणून तर मोह आवरावा लागतो, बाई."

बोटीवर शीळ घालायला सक्त मनाई होती. मुभा फक्त आचाऱ्याला. कारण शीळ घालणाऱ्या तोंडाला मनुका खाता येत नाहीत. पण सिरिल दोन्ही एकदम करतो, असा खलाशांचा ठाम आरोप होता, आणि भोजनाची सुरुवात दर वर्षी त्या आरोपानेच होई. मग पुडिंग येई आणि रंग चढे.

"सुरी वाकली बघ," बोटीचे बॉयलर सांभाळलेला अॅल्फ गज म्हणे. "डिकी पॅस्कोने याचा तुकडा समुद्रात टाकला होता, तेव्हा खालून जर्मन पाणबुडी पांढरं निशाण घेऊन वर आली."

"डिकी थापाड्या," इव्हर प्रॉसर हा वेल्श तोफची म्हणे. "निशाण नव्हतं ते. त्यांच्या आचाऱ्याने कृती मागितली होती."

असं दोन-दोन तास चाले. बोट बुडाली त्या रात्रीबद्दल, थंड पाण्याबद्दल, तेलाने काळ्या झालेल्या तोंडांबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. पण पुडिंगला शिव्या देता देता बोटीबरोबर गेलेला डिकी येऊन बसे, रेड बन्स येऊन बसे, टेबलाला जागा कमी पडे. सिरिल मान खाली घालून ऐके, आणि घरी जाताना तो इतका खुशीत असे की विनीला वाटे, बिअर जास्त झाली.

घोटाळा केला तो कमांडर हॅव्हरस्टॉक यांच्या सज्जनपणाने. ते बोटीवर तरुण लेफ्टनंट होते, आता वाचलेल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष झाले होते. अधिकाऱ्यांचा भटारखाना वेगळा, आचारी वेगळा. सिरिलचं पुडिंग त्यांनी बोटीवर कधी चाखलंच नव्हतं. अध्यक्ष म्हणून पहिल्याच भोजनाला त्यांनी पाहिलं ते एवढंच, की एका वृद्ध माणसाचा सगळे मिळून पाणउतारा करताहेत.

पुढच्या वर्षी ते स्वतः बेकरीत आले. "टोझर, तुम्ही पुष्कळ सोसलंत. या वेळी जेवण हॉटेलात. पुडिंगही त्यांचंच. तुम्ही नुसतं पाहुण्यासारखं बसायचं."

सिरिलने पिठाचे हात पुसले. पुडिंग नसेल तर डिकी कशाच्या निमित्ताने येणार? पण भटारखान्यातल्या माणसाने अधिकाऱ्याला हे समजावायचं कसं? तोंडातून निघालं ते जुन्या सवयीने: "होय, साहेब."

"बरंच झालं," विनी म्हणाली. "आता निदान शिव्या तरी खाव्या लागणार नाहीत."

"हो ना," सिरिल म्हणाला, आणि त्या दिवशीचा पाव पहिल्यांदाच करपला.

हॉटेलात टेबलांवर पांढऱ्याशुभ्र चादरी होत्या. शेवटी काचेच्या वाट्यांतून केक, फळं आणि साय घातलेलं पुडिंग आलं.

"छान आहे," अॅल्फ म्हणाला.

"छानच," इव्हर म्हणाला.

चमचे वाजत राहिले. मग कमांडर उभे राहिले आणि मृतांची नावं हुद्द्यासकट, आडनावाच्या क्रमाने वाचू लागले. "पॅस्को, रिचर्ड, खलाशी." अॅल्फने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हा रिचर्ड म्हणजे आपला डिकी, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला असावा. वाचन संपलं. कमांडरांना शांतता फार भारदस्त वाटली. इव्हर कोट शोधू लागला.

सिरिलने वाटी सरकवली. "कसली ही साय! बुळबुळीत."

"चांगली आहे की, सिरिल," अॅल्फ समजुतीने म्हणाला. आजारी माणसाशी बोलावं तसा.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो कुठल्याही स्वाभिमानी आचाऱ्याला लाज आणणारा होता. सिरिल मोठ्याने म्हणाला, "माझं पुडिंग याहून सरस होतं. सगळी बोट जीव टाकायची त्यावर. डिकी पॅस्को तर दुसऱ्यांदा मागून घ्यायचा."

इव्हरचा एक हात कोटाच्या बाहीत तसाच राहिला.

"मागून घ्यायचा?" अॅल्फ ताडकन उठला. "अरे लबाडा! दुसरा तुकडा तो झोपायच्या बंकाच्या पायाखाली द्यायचा, बंक डुगडुगायचा म्हणून!"

"आणि रेड बन्सचा दात?" इव्हर ओरडला. "तो कुणी पाडला? हिटलरने?"

"मनुका होती ती," सिरिल म्हणाला.

"मनुका! तू कधी मनुका शिल्लक ठेवलीस, चोरा?"

कमांडर गडबडीने उठले. "सद्गृहस्थहो! टोझर यांचं वय तरी—"

"बसा साहेब," सिरिलने आयुष्यात प्रथमच अधिकाऱ्याला मध्ये तोडलं. "आता कुठे रेड बन्स येतोय."

कमांडर बसले. हॉटेलची मालकीण दारातून डोकावली, पुडिंगमध्ये काही कमी पडलं का म्हणून विचारू लागली. "काहीच नाही, बाई, तीच तर तक्रार आहे," इव्हरने सांगितलं. रेड बन्सचा दात, डिकीचा बंक, पाणबुडीचं निशाण, सगळं निघालं. कमांडर हातातला कागद हळूहळू घडी घालत ऐकत होते. हशा जरा ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"आमचा आचारी... वरचा. तोही बोटीबरोबर गेला. फार सुरेख जेवण करायचा." ते थांबले. "त्याचं नाव काय होतं, कुणाला आठवतं का?"

कमांडरांनी कागद पुन्हा उलगडून पाहिला, पण त्यावर आचारी चार होते; त्यांतला आपला कोणता, ते त्यांना ओळखता येईना.

"तक्रारीला जागाच ठेवली नसेल बिचाऱ्याने, साहेब," अॅल्फ गज अदबीने म्हणाला.