ऑइल पाहिलंस का?

माझी ताई लोकांना पाय देते. कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत ती नोकरीला आहे, पण ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्या घरी जाऊन मापं घेणं, प्लॅस्टरचा साचा काढणं आणि पाय तयार झाला की तो चढवून माणसाला उभं करणं, हे सगळं तिचं काम. ही घरं गावभर विखुरलेली, त्यातली निम्मी टेकडीपलीकडे. तिच्या स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला पट्ट्यानं बांधलेला पाय, तोही बुटासकट, आमच्या भागात सगळ्यांनी पाहिलाय. सिग्नलला शेजारच्या गाडीतली मुलं काचेला नाक चिकटवून बघत बसतात. ताई त्यांना हात करते.

आणि स्कूटर म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आली ती फटफट करणारी चिमुकली नव्हे. तशी ताईकडे आधी होती. टेकडीच्या चढावर सायकलवाले तिला मागं टाकायचे आणि वर दया दाखवून जायचे. मग ताईनं ही घेतली. सेकंडहँड, पण मोठ्या चाकांची, रुंद सीटची, सीटखाली हेल्मेट, प्लॅस्टरच्या गुंडाळ्या, रबरी वाडगं आणि पाने सगळं मावेल अशी. पहिल्या दिवशी मी मागं बसले आणि चढाच्या पायथ्याशी ताईनं ॲक्सिलरेटर पिळला. थेट माथा येईपर्यंत मी तिची कंबर सोडली नाही, आणि वर पोचताच म्हटलं, परत एकदा. मला स्वतःला कुठलंही वाहन चालवता येत नाही, पण मागं बसण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

सुट्टीच्या दिवशी ताई प्लॅस्टरचा जुना ॲप्रन घालून खाली पार्किंगमध्ये उतरते. चाकांतली हवा, ब्रेकची पॅडं, बेल्टचा आवाज, सगळं बघते. घरातल्या सगळ्यांना तिनं एक गोष्ट मात्र सक्तीनं शिकवली आहे, ती म्हणजे ऑइल बघणं. इंजिनात खोचलेली पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत आत सोडायची, काढायची, आणि ऑइल दोन रेघांच्या मधे आहे का ते पाहायचं. तिची लेक शिकली. तिच्या सासूबाई, ज्यांना चष्मा लावूनही सुईत दोरा घालता येत नाही, त्याही शिकल्या. हे शिकवताना ताईनं स्कूटर आधीच मेन स्टँडवर चढवून ठेवलेली असायची, हे मी आत्ताच सांगून ठेवते. त्या घरात बाहेर पडणाऱ्याला डबा घेतलास का असं कुणी विचारत नाही. ऑइल पाहिलंस का, असं विचारतात. एकदा मी चालत निघाले होते तेव्हा मलाही विचारलं होतं.

फक्त भावजी विचारायचे नाहीत. भावजी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात. फार नीटनेटका माणूस. नखं कापायची तरी आधी खाली वर्तमानपत्र अंथरतील, संत्रं सोलायचं तरी वर्तमानपत्र. मागं एकदा ताई स्कूटरसकट खडीवरून घसरली आणि तिचा हात मोडला. जन्मभर दुसऱ्यांना प्लॅस्टर घालणारी बाई स्वतः प्लॅस्टर घालून घरी बसली. तेव्हापासून भावजींचं एकच पालुपद सुरू झालं, विकून टाक ती. जेवताना, टीव्ही बघताना, कपडे वाळत घालताना. मला त्यांचा राग यायचा आणि मी तो तोंडावर दाखवायचे.

अशात तपासणीचं निघालं. जुन्या गाड्यांनी केंद्रावर जाऊन पास व्हायचं, नापास झाली की गाडी भंगारात. ताईची स्कूटर त्या वयात आलेली. कार्यशाळेच्या प्रमुखबाईंनी ताईला स्पष्टच सांगितलं, की गाडी गेली तर घरभेटी बंद, तू काउंटरवर बस. दुसरं कुणी टेकडीपलीकडे जाणारं नव्हतं. आणि टेकडीपलीकडे एक न्हावी ताईची वाट बघत होता. त्याचा पाय तयार होता, फक्त घालून बघायचा बाकी होता. तोवर तो स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची दाढी करायचा आणि ताईला फोनवर सांगायचा, की बसून केलेली दाढी ही दाढीच नव्हे.

मग काय, तयारीला जोर चढला. ताईनं पॅडं बदलली, मागचं टायर नवं घातलं, ऑइल दोन दिवस आधीच पाहून ठेवलं, दिवे तपासले, हॉर्न इतका वाजवून पाहिला की शेजारी भांडायला आले. मी सोबतीला म्हणून रजा टाकली. तपासणीच्या सकाळी सासूबाई खिडकीत उभ्या, लेक जिन्यात उभी. भावजी तेवढे खुर्चीत, वर्तमानपत्रात डोकं घालून. ताई निघते म्हणाली तर वर न बघता म्हणाले, होईल ते होईल. माझं डोकं तडकलं, पण ताईनं मला कोपरानं ढकललं आणि आम्ही निघालो.

हवा छान होती. रस्ता मोकळा होता. ताई हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणत होती आणि मी मागं बसून आतापासूनच पास झाल्यासारखी सगळ्यांकडे बघत होते. तेवढ्यात एक ट्रकवाला शेजारी आला आणि आमच्या मागं बोट दाखवायला लागला. मी वळून पाहिलं तर रस्ताच दिसेना. निळसर पांढरा धूर, भट्टी पेटावी तसा.

ताईनं एका बंद दुकानासमोर स्कूटर लावली. इंजिन बंद केलं तरी सायलेन्सरमधून धूर निघतच होता. ताईचा चेहरा उतरला. हेल्मेट काढून ती दुकानाच्या पायरीवर बसली.

"छोटे, इंजिन गेलं," ती म्हणाली. "आता काउंटर."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण ताई ती ताईच. दोन मिनिटांत उठली, पाय देऊन स्कूटर मेन स्टँडवर चढवली, पट्टी काढली, पुसली, आत सोडली, काढली. आणि बघतच राहिली. ऑइल वरच्या रेघेच्या कितीतरी वर होतं. पट्टी जणू न्हाऊन आली होती. इंजिनात जागा नाही म्हणून जादा ऑइल हवेच्या फिल्टरमध्ये शिरत होतं आणि तिथून हवेबरोबर परत इंजिनात जाऊन जळत होतं. इंजिन ठणठणीत होतं, फक्त त्याला कुणीतरी गळ्यापर्यंत पाजलं होतं.

ताईनं घरी फोन लावला. लेकीनं आढेवेढे न घेता सांगितलं, की काल पट्टीला जेमतेम टोकाशी ऑइल दिसलं म्हणून तिनं थोडं ओतलं. मग सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला. त्यांनीही आज पहाटे टॉर्च घेऊन पाहिलं होतं, त्यांनाही कमी दिसलं, त्यांनीही थोडं ओतलं. ताईनं विचारलं, स्कूटर कुठल्या स्टँडवर होती? मग सासूबाई म्हणाल्या, साइड स्टँडवर, एवढं धूड उचलणार कोण?

झालं होतं ते असं. साइड स्टँडवर स्कूटर कलते, ऑइल एका बाजूला जातं आणि पट्टी जवळजवळ कोरडी बाहेर येते. ताईनं सगळं शिकवलं, पण मेन स्टँडचं बोलायची राहिली, कारण तो तिनं आधीच लावलेला असायचा. शिकवणारी हुशार आणि विद्यार्थी त्याहून हुशार.

मग ताईचे हात चालायला लागले. जाड हातमोजे घातले, प्लॅस्टर कालवायचं रबरी वाडगं खाली धरलं, पान्यानं खालचा बोल्ट सैल केला. ऑइलची धार सुरू झाली. मी टॉर्च धरून आडवी पडले होते, अंगावरच्या चांगल्या कपड्यांसकट. बोल्ट घट्ट करायचा, पट्टी बघायची, परत सैल करायचा. वाडगं काठोकाठ आलं तेव्हा कुठे ऑइल रेघांच्या मधे बसलं. मी ते बाटलीत भरलं. ताई बाटलीकडे बघत म्हणाली, की दोघींनी मिळून एवढं ओतणं शक्य नाही. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी ऑइलनं माखलेले दोन्ही हात वर केले. फिल्टर पुसून घेतला, आणि ताईनं धूर विरेपर्यंत स्कूटर टेकडीच्या चढावर पळवली. मी मागं बसून दर वळणाला ओरडून सांगत होते, कमी झाला, अजून कमी झाला, आता दिसतच नाही.

आम्ही केंद्रावर पोचलो आणि आमचाच नंबर पुकारला. तपासनीस उंच आणि अबोल होता. त्यानं चाकं रोलरवर फिरवून ब्रेक तपासले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, आणि शेवटी सायलेन्सरमध्ये नळी घातली. यंत्रावरचा आकडा चढायला लागला. माझा जीव त्या आकड्यात अडकला होता. आकडा चढला, थबकला, जरा खाली आला आणि तिथंच राहिला. तपासनिसानं पाकिटातून स्टिकर काढून हँडलपुढच्या काचेवर चिकटवला आणि म्हणाला, "छान ठेवलीय गाडी."

ताई स्टिकरवरून बोट फिरवत राहिली. मीच त्याचा हात धरून इतका हलवला, की त्याच्या बाहीवर माझी ऑइलची पाच बोटं उठली. परत येताना ताईनं न्हाव्याला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी उभं राहायची तयारी ठेवा. आम्ही दोघी गात आलो. सुरात नव्हतो.

पार्किंगमध्ये स्कूटर तिच्या जागी लावायला गेलो तेव्हा ताई अचानक थांबली. स्कूटर उभी राहते त्या जागी, भिंतीला सरकवलेलं एक वर्तमानपत्र होतं. व्यवस्थित घडी घातलेलं. तिनं ते उलगडलं. मधोमध ऑइलचे थेंब पडलेले होते, आणि बाहेर फरशीवर एक डागसुद्धा नव्हता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

भावजी जिन्यातून खाली येत होते. आधी त्यांनी काचेवरचा स्टिकर पाहिला, मग ताईच्या हातातलं वर्तमानपत्र.

"काल संध्याकाळी बघितलं," ते म्हणाले. "पट्टीवर काही दिसेचना. म्हटलं, नापास होईल. म्हणून ओतलं."

"तुम्हालाच तर ती विकायची होती ना?" ताई म्हणाली.

भावजींनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो.

"हात मोडला तेव्हा तू खिडकीत बसून असायचीस," ते म्हणाले. "जाणाऱ्या येणाऱ्या गाड्या बघत. ते मला परत नाही बघवणार."

ताईचे डोळे भरून आले. माझेही आले, आणि इतकी वर्षं या माणसावर फुकट राग धरला म्हणून मी स्वतःवरच चिडले. पण ताई रडत बसणाऱ्यातली नाही. तिनं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं आणि भावजींना स्कूटरपाशी ओढत नेलं. डाव्या पायानं स्टँड दाबायचा, सगळं वजन पायावर टाकायचं, हातानं ओढायचं नाही, नुसतं धरायचं. भावजींनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा स्कूटर जागची हलली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा भार पायावर दिला आणि ती खट्‌कन वर चढली. त्यांनी असं आजूबाजूला पाहिलं, की जणू सगळी इमारत टाळ्या वाजवणार आहे.

मग त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, खाली अंथरलं, आणि थोडं थांबून पट्टी काढली. पुसली, आत सोडली, काढली, आणि भिंग तपासावं तशी उजेडाकडे धरली.

"बरोबर मधे आहे," ते म्हणाले. "जा उद्या."