फळ्यांखालचं पाणी

मार्चमधल्या एका मंगळवारी हे गेले. ऑफिसात जेवायला म्हणून उठले आणि तिथेच खाली बसले. फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. इस्पितळात पोहोचले तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. संध्याकाळी मुलगी क्रॉयडनहून आली. आम्ही दोघी घरी गेलो. कपडे दोरीवर होते.

यांच्यामागे ब्रिस्टलचं घर राहिलं आणि कालव्यावरची बोट राहिली. घर दोघांचं होतं. बोट यांची होती. मी तिच्यावर पुस्तक घेऊन येणारी पाहुणी होते.

पाण्यावर आगगाडीचा एक डबा सोडून द्यावा तशी ती बोट आहे. लांब, आणि इतकी अरुंद की मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही भिंतींना तळवे टेकतात. पुढच्या टोकाला पिण्याच्या पाण्याची टाकी, मागच्या टोकाला इंजिन, आणि मधे कोळशाची शेगडी, ओटा, बाक, बिछाना. दुपारी ऊन पाण्यावर पडलं की त्याची जाळी आत छतावर हलत राहते. मी बाकावर पडून वाचायचे. वाचता वाचता ती जाळी पानावर उतरायची, अक्षरं हलायला लागायची, आणि मी वाचतेय की झोपलेय हे मला सांगता यायचं नाही. बोट चालत असली तरी फरक पडायचा नाही. कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसं काठावरून आम्हाला मागे टाकायची आणि जाताना हात करायची.

हे आठवडाभर विमानांच्या पंखांचं काम करायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, तुमच्या विमानात बसलेला माणूस एव्हाना मुंबईला पोचला असेल. आणि तुम्ही इथे बदकांच्या मागून चाललाय."

"बदकांना ओव्हरटेक करू नये," हे म्हणाले. "वाईट दिसतं."

यांचे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला तिथे यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजत. लहानपणी वडिलांचं बोट धरून पाहिलेलं ते यांच्या मनात कुठेतरी घट्ट बसलं असावं, कारण एरवी देवाधर्माकडे न फिरकणारा हा माणूस खंडेनवमीला मात्र रजा काढून बोटीवर यायचा. सगळे पाने, पकडी, ग्रीसचा पंप, कालव्याची पातळी बदलते तिथल्या लॉकच्या दरवाजांतून पाणी सोडायचं ते लोखंडी हँडल, सगळं रॉकेलच्या फडक्यानं पुसून जुन्या चादरीवर मांडायचं. झेंडू मिळाला नाही तर सुपरमार्केटमधली नारिंगी शेवंती चालायची. मी शिरा करायचे. इंजिनाला हळदकुंकू लागायचं.

पूजेच्या आधी हे आणखी एक करायचे. बोटीतले सगळे नळ उघडायचे, टाकी रिकामी करायची, पाण्याच्या पाईपमधला थेंब न् थेंब काढून टाकायचा, आणि पंपाचं बटण बंद करायचं. पूजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं, आणि आमच्याकडे ते पुढे वसंतापर्यंत चालायचं नाही. शेवटच्या नळातून हवेचा एक सुस्कारा निघाला की हे म्हणायचे, "झोपली." मग मी निरांजन लावायचे. इतकी वर्षं मी ते नळ उघडणं पूजेचाच भाग समजत होते. देवाला आंघोळ घालतात तसं काहीतरी.

हे गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही सण केले नाहीत. करायचे नसतात. गणपती आले, गेले. नवरात्रात इथल्या मंडळाचे मेसेज यायचे, मी फोन पालथा ठेवायचे. खंडेनवमीला मी घरीच होते आणि दिवसभर वाचत होते. काय ते आठवत नाही. बोटीकडे अधूनमधून जायचे, पण कुलूप काढायचे नाही. काठावर उभी राहून परत यायचे.

जानेवारीत कालवा गोठला. नंतर बर्फ वितळलं, आणि एका सकाळी शेजारच्या बोटीवरच्या बाईंचा फोन आला. या बाई शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त होऊन बोटीवरच राहतात. हिवाळ्यात बहिणीकडे गेल्या होत्या, त्या नुकत्याच परतल्या होत्या.

"तुमच्या बोटीनं नाक वर केलंय," त्या म्हणाल्या. "आणि मागून बसलीय. लगेच या. पण धावत येऊ नका, घसरडं आहे."

मी गेले. धुकं होतं. बोट खरंच मान वर करून काहीतरी हुंगत असल्यासारखी दिसत होती. कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर फळीखालून हलक्या आवाजात पाणी हललं. बाईंनी मागची झडपेसारखी फळी उचलली. खाली पाणी होतं, स्वच्छ, काळं, आणि त्यात आमची दोघींची तोंडं.

"बुडणार का?" मी विचारलं.

"हे कालव्याचं नाहीये. कालव्याचं इतकं स्वच्छ नसतं. हवं तर चाखून बघा. मी नाही चाखणार." मग गुडघ्यावर बसून त्यांनी ओट्याखाली हात घातला आणि एक चिरलेला पाईप दाखवला. "थंडीत आतलं पाणी गोठलं, पाईप फुटला. बर्फ वितळल्यावर पंपाला वाटलं कुणीतरी नळ सोडलाय. त्यानं बिचाऱ्यानं अख्खी टाकी इथे आणून ओतली. पुढचं वजन मागे आलं, एवढंच. हे पाणी आधीपासून बोटीतच होतं."

छतावरच्या सौर पॅनलनं वर्षभर बॅटरी भरून ठेवली होती. आणि टाकी यांनी भरली होती, पंपाचं बटणही यांनीच चालू केलं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस ऊन पडलं तेव्हा घाई करून. पुढच्या शनिवारी निघू म्हणाले होते. माझ्या पायाखाली होतं ते यांनी भरलेलं पाणी होतं.

"पण तुमच्याकडे तर दर ऑक्टोबरला पाणी काढायचे," बाई म्हणाल्या. "तुमचे मिस्टर मला दरवर्षी आठवण करून द्यायचे. वैतागायचे मी."

मी त्यांना खंडेनवमीचं सांगितलं. पहिल्या वर्षी सण नसतो हेही सांगितलं.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे सण केला नाही म्हणून पाईप फुटला?"

"सण केला नाही म्हणून पाणी काढलं नाही. पाणी काढलं नाही म्हणून पाईप फुटला."

"आमच्या चर्चनं मला इतकं उपयोगी कधी काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं नुसती गाणी म्हणवून घेतली."

मला हसू आलं. हे गेल्यापासून त्या बोटीत मी पहिल्यांदाच हसत होते, आणि फळीखालचं पाणीही माझ्याबरोबर हललं.

संध्याकाळी मुलीला फोन केला.

"आई, लेट इट गो ना," ती म्हणाली. "पाईप फुटली, उद्या अजून काहीतरी फुटेल. तू एकटी तिकडे कशी करणार? बाबा होते तेव्हा डिफरंट होतं. माझ्या टीममध्ये एक जण आहे, मेडनहेडला राहतो, त्याला आणि त्याच्या बायकोला अशीच बोट हवीय. दे आर नाइस पीपल."

"ओली बोट कोण घेईल?"

"मग ड्राय झाली की विकू. प्रॉमिस?"

मी हो म्हटलं. तिचं चूक नव्हतं. मला इंजिन सुरू करता येत नव्हतं, आणि माझी काळजी करायला आता ती एकटीच होती. असं ठरलं की बोट कोरडी करायची, दुरुस्त करायची, आणि विकायची.

पहिल्या दिवशी बादलीनं पाणी काढलं. काठोकाठ भरलेली बादली उचलून कालव्यात ओतायची, परत वाकायचं. मधे एकदा वाटलं, निदान थोडं तरी ओंजळीनं सोडावं. पण पाठ दुखत होती, आणि बाई मागच्या दाराशी दुसरी बादली घेऊन उभ्या होत्या. सगळं बादलीनंच गेलं. बोटीचं नाक हळूहळू खाली आलं.

पाईपसाठी मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. जुना तुकडा सरळ कापायचा, नवा तुकडा दोन्हीकडून जोडात दाबून बसवायचा. सोपं होतं. बसवला, टाकीत थोडं पाणी घेतलं, पंप चालू केला, आणि जोडातून बारीक कारंजं उडून माझा चष्मा भिजला.

बाईंनी येऊन पाहिलं. "आत घालायची छोटी नळी असते, ती कुठेय? पुस्तकात ते पान नव्हतं?"

"होतं. मी पुढचं वाचत होते."

"माझ्या वर्गातली हुशार मुलंही अशीच नापास व्हायची," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा जोड धरला. मी पंपाचा आवाज ऐकत बसले. तो गुरगुरला, थोडा वेळ दम धरून राहिला आणि बंद झाला. बंद झाला याचा अर्थ पाणी कुठूनही निसटत नव्हतं.

मग नुसतं वाळणं उरलं. फळ्यांखाली, पोलादी तळाच्या बेचक्यांत, हात पोचत नाही तिथे ओल राहते. बाईंनी सांगितलं, खाली वर्तमानपत्रं सरकवून ठेवा, शेगडी पेटती ठेवा, आणि दर आठवड्याला पेपर काढून बघा. मी शुक्रवारी जायचे आणि रविवारी परतायचे. शेगडीपाशी बसून वाचायचे. खिडकीबाहेर फेब्रुवारीचा पाऊस पाण्यावर बारीक टाके घालत असायचा. कधी एखादी बोट शेजारून जायची, आमची बोट तिच्या लाटेवर एकदा झुलायची, आणि मला वाटायचं हे मागे इंजिनापाशी उभे आहेत, आत्ता खाली वाकून म्हणतील, चहा टाकतेस का. मी मान वर करायचे नाही. पान उलटायचे. तेवढा वेळ तसंच राहायचं.

रविवारी निघण्याआधी मी पेपर ओढून काढायचे. पहिल्यांदा ते लगदा होऊन आले. नंतर जड. नंतर फक्त कडेला ओले. आणि ती कड दर आठवड्याला अरुंद होत गेली तशी माझ्या लक्षात आलं की मी शेगडीत कोळसे कमी टाकायला लागले आहे. बोट वाळली की विकायची होती. ती वाळूच नये असं मला वाटायला लागलं होतं.

मुलगी फोनवर विचारायची, "झाली का ड्राय?"

"अजून थोडी ओल आहे," मी म्हणायचे. ते खोटं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मेडनहेडचं जोडपं बोट बघायला आलं. मुलीनं परस्पर बोलावलं होतं. तिशीतली असतील, बायकोला आठवा महिना असावा. त्यांनी बूट बाहेर काढले, ते मला आवडलं. मी त्यांना इंजिन दाखवलं, शेगडी दाखवली. नवऱ्यानं नळ सोडला, पाणी आलं.

"पाईप नवा दिसतोय," तो म्हणाला. "कुणी बसवला?"

"मी बसवला. दोनदा."

बायको बाकावर टेकली. छतावर उन्हाची जाळी हलत होती, तिच्याकडे बघत राहिली. "इथे बाळ किती छान झोपेल," ती हळूच म्हणाली. मी तिला नाही म्हणू शकणार नाही असं त्या क्षणी मला वाटलं.

मग नवऱ्यानं जरा अवघडत विचारलं, "खाली पाणी शिरलं होतं म्हणे. बघता येईल का?"

मी मागची फळी उचलली, पालथी पडून हात आत घातला आणि पेपर काढला. तो कडक होता. हातात घेतल्यावर त्याची कड तुटून चुरा झाली. मी परत हात घातला. दंडापर्यंत आत, पार कोपऱ्यात. बोटांना धूळ लागली.

मी बराच वेळ तशीच पडून राहिले असणार, कारण ती बायको उठून माझ्याजवळ आली.

"कोरडी आहे?" तिनं विचारलं.

"कोरडी आहे," मी म्हटलं. आणि मग, फळीवर तशीच पालथी पडलेली असताना, म्हटलं, "मला माफ करा. मला ही विकायची नाहीये."

नवरा काहीतरी बोलणार होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला. मी उठले, हात धुतले, चहा टाकला. आलं घातलेला चहा तिनं दोन कप प्यायला. जाताना म्हणाली, "कधी नुसतं बसायला आलो तर चालेल?" मी म्हटलं, बाळाला घेऊन या.

त्या रात्री मुलीचा फोन आला. तिला त्यांच्याकडून कळलं होतं.

"आई, यू प्रॉमिस्ड."

"हो."

"आता तू काय करणार तिकडे? इंजिन चालू करता येतो का तुला?"

"येत नाही. शेजारच्या बाई शिकवणार आहेत. तू येतेस का शनिवारी? दोघी शिकू."

तिच्याकडून ट्रॅमचा आवाज येत होता. "बाबांची जागा कोण घेणार? आय मीन, स्टिअर कोण करणार?"

"आळीपाळीनं करू."

"तू बदकांना धडकशील," ती म्हणाली. आणि मग, "सकाळची ट्रेन बघते."

त्याला आता दोन वर्षं होतील. बोट त्याच काठाला बांधलेली आहे. इंजिन मला सुरू करता येतं. थंडीत दोनतीनदा प्रयत्न करावा लागतो. पुढच्या लॉकपर्यंत मी एकटी जाऊन येते, त्यापलीकडे मुलगी असली तर. ओट्यासमोरची एक फळी पाण्यानं फुगली होती, ती बसली नाही, आणि तिच्यावर पाय पडला की वाजते.