सागाच्या खांबावरची रेघ

नातीनं भिंतीला पाठ लावून कोळशानं आपल्या उंचीची रेघ ओढली. कोळशाच्या त्या वासानं मला माहेरच्या घरातला सागाचा खांब आठवला.

मी चौथी पास झाले, तेव्हा बाबांनी त्या खांबावर अशीच रेघ मारली होती. म्हणाले, "डोकं इथी लागलं का तुले आरमोरीच्या शाळेत घालतो. धावशील तर लवकर वाढशील."

मी धावत सुटले. धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून धावले, मोहफुलं वेचायला जातानाही धावले. आई म्हणायची, "हरणी झाली का वो पोरगी?"

एका सकाळी डोकं रेघेला लागलं. "बाबा, लागलं!" मी ओरडले.

दोन दिवसांनी एक अनोळखी बाई आली. तिनं मला खांबापाशी उभं केलं, डोक्यावर हात ठेवला आणि बाबांना म्हणाली, "एवढी झाली का सून करून नेतो, असंच ठरलं होतं ना भाऊ? आता उशीर काऊन?"

बाबा तंबाखू मळत राहिले.

धावल्यानं उंची वाढत नाही, असं नातीची डॉक्टरीण सांगते. म्हणजे न धावताही लग्न झालंच असतं. पण त्या लग्नाकडे मला हसत धावायला लावलं, हे मी बाबांना माफ केलं नाही.